इरकलीची पट्टी

गवे बघायला दाजीपूरच्या रानात जायचं, ही गोष्ट कुलसुमनंच काढली होती. दुसऱ्या कुणी काढली असती, तर निदान त्याच्या नावानं बोटं मोडता आली असती.

तिचे सासरे शमशुद्दीन हे संस्थानच्या वेळचे चित्तेवान. राजेलोक तेव्हा शिकारीसाठी चित्ते पाळायचे. चित्त्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवून त्याला बैलगाडीवर बसवायचं आणि माळावर हरणांचा कळप दिसला की टोपी काढायची. टोपी निघाली की चित्ता सुटला, आणि चित्ता सुटला की त्याच्यामागं चित्तेवान अनवाणी सुटला. शिकार पडली, की चित्त्याचा वाटा लाकडी पळीतून त्याच्या तोंडाशी धरायचा, तो खाण्यात गुंतला की टोपी पुन्हा चढवायची आणि दोर धरून गाडीवर आणायचं. शमशुद्दीनच्या हाताखालची चित्तीण होती चांदणी. आगबोटीतून परमुलखातून आलेली, अंगभर ठिपके ल्यालेली. तिच्या बाजेला आपली बाज लावून ते झोपायचे. तिला अंगाई म्हणायचे. पुढं संस्थान विलीन झालं, शिकारी थांबल्या, आणि एका थंडीत चांदणी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून गेली. त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती.

कुलसुम नवी नवरी होऊन आली तेव्हा ह्या घरात सासू नव्हती. शाहूवाडीकडच्या डोंगरातली पोर ती, शहरात आल्यावर कावरीबावरी झालेली. पहाटे जात्यावर बसली की माहेरच्या ओव्या म्हणायची. त्या तिला तिथल्या शेजारच्या बयाबाईनं शिकवलेल्या. ओवी ऐकायला म्हातारा उंबऱ्यावर येऊन बसायचा आणि ओवी संपली की चांदणीच्या गोष्टी सांगायचा. "कुलसुम बेटी," म्हणायचा, "उघड्या डोळ्याला जग दिसतंय, म्हणून जीव धावतोय. डोळं झाकलं की जीव घरी येतोय. जनावराचं बी तसंच, माणसाचं बी तसंच."

माहेर सोडल्यावर 'बेटी' म्हणणारा हा एवढाच एक आवाज तिला मिळाला होता.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि त्याच्या पुढच्या पावसात म्हाताऱ्याचं मन झिजायला लागलं. आधी नातवंडांची नावं गेली, मग लेकाचं गेलं. शेवटपर्यंत टिकलं ते कुलसुमचं नाव, आणि एके सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते तिला म्हणाले, "पावणं, कुठल्या गावचं तुम्ही?"

ती हसली, कप भरला, आणि आत जाऊन पदर तोंडात कोंबून रडली.

दिवे लागायच्या वेळेला तर त्यांच्या अंगात काय संचारायचं कोण जाणे. दाराला धडका द्यायचे, 'सोडा मला' म्हणून ओरडायचे, धरायला गेलं की चावायला यायचे. एकदा काहीच सुचेना तेव्हा कुलसुमनं जुन्या इरकली पातळाची एक मऊ पट्टी फाडली आणि मागून जाऊन त्यांच्या डोळ्यांवर बांधली. म्हातारा एकदम थांबला. खांदे खाली आले, श्वास लांब झाला. जीव घरी आला. तेव्हापासून ती पट्टी कायम तिच्या कमरेला खोचलेली असायची.

तरी दोनदा ते घरातनं निसटलेच. एकदा रंकाळ्याच्या काठाला सापडले, एकदा कळंब्याच्या वाटेला. दिवाळीच्या सुट्टीत गारगोटीहून थोरली नणंद सलिमा आली, तिनं हे ऐकलं आणि भावाला बसवून सांगितलं, "बाबालाल, मोटारीखाली जाईल म्हातारा एक दिवस. पायात साखळी घाल. आमच्यात त्या मुल्लाच्या बापाला घातलीया, काय बिघडलंय त्याचं?"

"आपा," कुलसुम मधेच बोलली, "अब्बांनी जनावराला बी कधी साखळी घातली न्हाय. दोर घातला."

"मग दोर घाल, शाणे! पण बांध की एकदा!"

बाबालाल मान खाली घालून हातातला पाना फिरवत बसला. इंजनं दुरुस्त करणारा माणूस तो, बापाला दुरुस्त करता येईना म्हणून आतल्या आत कुढणारा. त्याची मान होकाराकडं झुकतेय हे कुलसुमनं बघितलं आणि ती काढू नये ती गोष्ट काढून बसली. "अवो, एक दिवस रान दावूया त्यास्नी. कवाधरनं 'रानात न्या, रानात न्या' म्हणत्यात. एकदा मन निवू दे. मग आपा म्हणतील तसं करा."

असा तो दिवस निघाला.

जीप होती हंबीररावची. हंबीरराव बाबालालचा दोस्त, म्हशींच्या धंद्यातला, बोलायला लागला की गोठ्यातल्या म्हशींनी कान टवकारावेत असा. पहाटेच्या गारठ्यात सगळे जीपमध्ये बसले. पुढं बाबालाल, मागं सलिमा, कुलसुम, तिची आठ वर्षांची लेक हाफिजा, कुलसुमच्या मांडीवर धाकटा बादशहा, आणि दोघींच्या मध्ये म्हातारा. हॉर्न वाजला की ते दचकायचे, म्हणून पट्टी बांधलेली.

"चाचा, डोळं बांधून सासुरवाडीला निघालासा जणू!" हंबीरराव ओरडला.

"नवरी बघून पळून जातील म्हणून बांधल्यात," सलिमा म्हणाली, आणि तीसुद्धा हसली. राधानगरीपर्यंत सगळे हसतच होते. हाफिजानं गव्याला किती शिंगं असतात हे चारदा विचारलं. हंबीररावनं चारदा वेगवेगळी सांगितली.

रानाच्या तोंडाशी पिराजी नावाचा जंगलचा राखणदार जीपमध्ये चढला. दुपारी ओढ्याकाठी त्यांनी गाठोडी सोडली. तांबडं मटण, भाकरी, कांदा. म्हाताऱ्यानं पोटभर खाल्लं आणि मटणाचा एक तुकडा रुमालात गुंडाळून खिशात घातला.

"काय ह्ये अब्बा, सदरा तेलकट झाला की!" सलिमा वैतागली.

"असू द्या आपा," कुलसुम म्हणाली. "आज त्यांचा दिस हाय."

उन्हं कलली तशी जीप सड्यावर आली. सडा म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा माळ, चौफेर दाट कारवी आणि मध्ये पिवळं गवत. पिराजीनं हात वर केला. हंबीररावनं इंजन बंद केलं. आणि पलीकडच्या काठानं, जणू रानानंच एक एक पाऊल पुढं टाकावं तसे गवे बाहेर आले. काळेभोर, डोंगराएवढ्या खांद्यांचे, चारी पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे.

"आयला!" हंबीरराव एवढंच बोलला. त्याच्या जन्मात त्याला पहिल्यांदा शब्द सापडेना झाले असतील.

सगळे जीपमधून हळूच उतरून उभे राहिले. हाफिजा बापाच्या खांद्यावर. कुलसुमनं सासऱ्यांचा हात धरून त्यांना उतरवलं. तिनं कळपाकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. ज्याच्यासाठी एवढा घाट घातला तो एकटाच डोळे बांधून उभा! तिनं मागची गाठ सोडली आणि पट्टी हळूच काढली.

"बघा अब्बा," ती कानाशी म्हणाली. "बघा की."

म्हाताऱ्यानं बघितलं. समोर माळ, माळावर कळप. त्यांच्या पाठीचा बाक सरळ होत गेला. उजवा हात पुढं आला आणि बोटं अशी हलली, जशी गळ्याभोवतीच्या दोराची कडी सोडावी. ते अगदी हळू, पण खणखणीत बोलले, "जा, बेटी."

कुलसुमला वाटलं, आपल्यालाच म्हणाले. कितीतरी दिवसांनी म्हणाले. डोळे भरून आले तिचे.

त्याच वेळी कळपातला एक नर फुरफुरला, बादशहानं किंकाळी फोडली आणि सगळा कळप कारवी मोडत खालच्या अंगाला उधळला. कुलसुमनं पोराला उचललं, छातीशी धरलं, त्याचं तोंड पुसलं आणि वळली.

म्हातारा जागेवर नव्हता.

"अब्बा?"

जीपच्या मागं बघितलं. जीपखाली बघितलं. "अवो, अब्बा कुठं हाईत?"

मग जे सुरू झालं ते सगळ्यांचं ओरडणं. बाबालाल "अब्बा! अब्बा!" करत माळभर पळाला. हंबीररावनं करवंदीच्या जाळ्या काठीनं झोडपल्या. सलिमानं कपाळ बडवून घेतलं. "मी सांगत न्हवते? घाला साखळी म्हणून सांगत न्हवते? रान दावायला निघाली म्हाराणी! खा आता म्हाताऱ्याला!"

कुलसुम कारवीच्या काठाकाठानं वाकून पावलांच्या खुणा शोधत होती.

पिराजीनं सगळ्यांना गप्प केलं. "पावणं, आरडू नकासा. कळपाचं एवढं भ्या न्हाय, पण खालच्या घळीत एक एकटा नर हाय. कळपानं हाकललेला, रागीट. गेल्या साली एका गुराख्याला उडवलंय त्यानं. आता दिस बुडंल. तुम्ही पोरं घेऊन चौकीवर चला, उद्या फटफटताना मी माणसं लावतो."

"उद्या?" बाबालालचा आवाज चिरकला. "ह्या गारठ्यात म्हातारा उद्यापतोर ऱ्हातोय व्हय?"

पिराजीनं मान फिरवून बुडत्या दिसाकडं बघितलं.

कुलसुमच्या मुठीत पट्टी होती. घामानं भिजलेली. तिनं मूठ उघडली आणि त्या पट्टीकडं बघितलं.

"मी टोपी काढली," ती म्हणाली.

"काय?"

"अवो, समोर कळप हुता आणि मी टोपी काढली. 'जा बेटी' म्हणाले ते. मला न्हाय म्हणाले, चांदणीला म्हणाले. ते हरवल्यालं न्हाईत. ते कामाला गेल्यात. चांदणीच्या मागनं!"

बाबालाल तिच्याकडं बघत राहिला. चित्तेवानाच्या लेकाला हे समजावून सांगावं लागलं नाही. "कळप घळीकडं उतरला," तो म्हणाला.

पिराजी आणि बाबालाल ओढ्याच्या बाजूनं घळीत शिरायला निघाले. म्हातारा त्या अंगाला उतरला असेल तर त्याची वाट अडवता येईल म्हणून. कुलसुमनं बादशहाला सलिमाच्या कडेवर दिलं आणि हंबीररावपुढं हात जोडले. "भावजी, हितनं हालू नका. मधनं मधनं हॉर्न वाजवा. कुठं बी असलो तरी जीप कुठल्या अंगाला हाय ते कळंल."

"वैनी, तुम्ही कुठं निघालासा?"

"कळप गेला त्या वाटंनं."

"येड लागलंय का? थांबा, मी येतो."

"मग हॉर्न कोण वाजवंल? आणि पोरांजवळ कोण?" एवढं म्हणून ती कारवीत घुसली.

कारवी डोक्यापेक्षा उंच. कळपानं मोडलेल्या काड्या पायाला भोसकत होत्या. जनावरांचा उग्र वास अजून हवेत लोंबकळत होता. थोडं उतरल्यावर एका सपाट दगडाजवळ ती थबकली. दगडावर सासऱ्यांच्या चपला होत्या, दोन्ही शेजारी, नमाजाला जाताना काढाव्यात तशा नीट. चित्तेवान शिकारीमागं अनवाणी जातो. तिनं चपला उराशी धरल्या. वाट बरोबर होती. बरोबर होती आणि थेट घळीकडंच जात होती.

वरून हॉर्न वाजला. लांब.

हाक मारायची तर जनावर बिथरेल. हाक मारायची नाही तर सापडणार कसे? मग तिला उंबऱ्यावर बसलेला म्हातारा आठवला आणि ती हळू आवाजात गायला लागली. दात थंडीनं वाजत होते, ओवी मधेच तुटत होती, तिला ती पुन्हा सांधत होती.

*रानामधी रान, रान कारवीचं दाट*
*बापावानी सासरा, त्याची दावा मला वाट*

कुणी दावली नाही. उन्हाचा शेवटचा पट्टा झाडांच्या शेंड्यावरून निसटला. ती घसरली, गुडघा फुटला, उठली. मनात नवस बोलत होती. पीराला चादर, मारुतीला नारळ, ज्या देवाचं नाव येईल त्याला ते. साखळी सुद्धा चालेल म्हणाली ती. या अल्ला, साखळी घालीन, माझ्या हातानं घालीन, पण घालायला त्यांचा पाय तर दाखव.

*रानातल्या मोरा, तुला जोंधळ्याचा चारा*
*थकला माझा बाप, त्याला घाल पिसावारा*

"गप!" डावीकडून कुणीतरी दबक्या आवाजात दरडावलं. "गप बसा! जनावर बिथरंल."

एका कातळाच्या आडोशाला शमशुद्दीन उकिडवे बसले होते. सदरा फाटलेला, पायांतून रक्त, आणि डोळे लकाकणारे. हातात रुमाल सोडलेला, रुमालावर मटणाचा तो तुकडा. कातळापुढं जमीन संपत होती, खाली घळीचा अंधार. आणि घळीच्या तोंडाशी, हाकेच्या अंतरावर, झाडाच्या सावलीपेक्षा काळं असं काहीतरी उभं होतं. त्यानं नाकातून वारा सोडला तेव्हा ते काय आहे हे कुलसुमला कळलं.

ती सरपटत त्यांच्याजवळ गेली. "अब्बा, चला. घरी चला."

"कोण पावणं तुम्ही? मागं सरा. माझी चांदणी गेलीया."

"मी कुलसुम. तुमची सून."

त्यांनी ऐकलंच नाही. "टोपी काढली नि सुटली. हिकडंच उतरली. येईल आत्ता."

"अब्बा, हाफिजा रडतीया. बाबालाल हुडकतोय तुम्हास्नी."

"कोण बाबालाल?"

तिनं ओठ चावला. "चांदणी घरी गेली अब्बा. मी बघितली. घरी जाऊन बसलीया."

म्हातारा तिच्याकडं वळला, आणि त्या नजरेत तिची कीव होती. "पावणं, जनावर घरी जात न्हाय. घर माणसाला असतंय. जनावराला त्याचा माणूसच आणतोय. तिला सोडून गेलो तर सरकारास्नी तोंड कुठलं दावू?"

हॉर्न वाजला. लांब, बारीक. अंधार पाण्यासारखा भरत होता.

कुलसुमनं त्यांचा दंड धरून ओढलं. म्हाताऱ्यानं हिसडा दिला. एवढी ताकद त्या हाडांत कुठनं आली! तिचा हात सुटला, त्यांचा पाय कड्याच्या काठावर घसरला, दगड गडगडत खाली गेले. घळीच्या तोंडाशी काळोख हलला. खूर खडकावर वाजला. एकदा. पुन्हा एकदा.

ते सावरून परत उकिडवे बसले, कड्याच्या आणखी टोकाला. आता हात लावला तर दोघंही खाली. लावला नाही तर थंडी, नाहीतर तो समोरचा. ओरडून बाबालालला बोलवावं, तर त्याच्या आधी काय धावून येईल ते दिसतच होतं. तिच्याजवळ करण्यासारखं काही उरलं नाही. ओव्या संपल्या, नवस संपले, खोटंही संपलं. नुसती मुठीत ती ओली पट्टी उरली.

तिनं ती पट्टी म्हाताऱ्याच्या हातात ठेवली. मग त्यांच्या पुढ्यात, त्यांच्याकडं पाठ करून, गुडघ्यांवर बसली. डोक्यावरचा पदर मागं टाकला आणि मान खाली घातली.

बराच वेळ काही झालं नाही. तिच्या मानेवर गार वारा लागत होता. पाठीमागं म्हाताऱ्याचा श्वास. मग इरकलीच्या त्या जुन्या कापडावरून बोटं फिरल्याचा आवाज आला. ओळखीच्या वस्तूवरून फिरावीत तशी.

"आलीस व्हय," ते म्हणाले. "आलीस माझे बाई."

डोळ्यांवर पट्टी आली. आधी त्यांनी तिचे केस बाजूला सारले, गाठीत सापडू नयेत म्हणून. गाठ मारली आणि एक बोट आत घालून बघितलं, फार आवळली तर नाही ना. आई गेल्यापासून कुलसुमच्या केसांना इतक्या मायेनं कुणी हात लावला नव्हता. पट्टीच्या आत तिचे डोळे वाहायला लागले आणि ती आवाज न करता तशीच बसली, कारण जनावर रडत नाही.

ओठांपाशी मटणाचा गार तुकडा आला. तिनं तोंड उघडलं आणि खाल्ला.

"शाबास. शाबास गं." कानामागं बोट हळूहळू फिरत होतं, आणि म्हातारा गुणगुणत होता.

*नीज माझे बाई, नीज ठिपक्यांचे बाळी*
*हरणांच्या गावा, जाऊ उद्याच्या सकाळी*

त्यांनी तिच्या पदराचं टोक आपल्या मनगटाला गुंडाळलं आणि उठले. तीही उठली. आता ती आंधळी होती आणि ज्याच्या हातात दोर होता त्याला वाट माहीत नव्हती.

पहिलं पाऊल टाकताना तिला वाटलं, हेच ते. पुढं कडा असेल. पायाखाली दगड लागला. दुसरं पाऊल टाकलं. डावीकडून तो उग्र वास आला, एवढा जवळ की गरम वाटला. खूर वाजला. म्हातारा थांबला. "हळू बेटी," त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला, "त्यो आपला न्हवं. बघू नगंस." तो हात थरथरत नव्हता. किती वेळ तसे उभे होते कोण जाणे. मग डावीकडं कारवी मोडल्याचा मोठा आवाज झाला आणि तो आवाज खाली खाली, घळीत उतरत गेला.

वरून हॉर्न वाजला.

तिनं कान टवकारले. उजव्या अंगाला, चढावर. मटणाचा वास लागलेलं जनावर दोराला जसा हिसका देतं, तसा तिनं त्या अंगाला पदराला हिसका दिला. म्हातारा हसला. "व्हय व्हय, गाडीकडं. कळलं. चल." हॉर्न वाजला की ती ओढायची आणि हॉर्न थांबला की थांबायची. कारवीच्या काड्या तोंडावर बसत होत्या, फुटलेल्या गुडघ्यातून रक्त पोटरीवर उतरत होतं. मधे एकदा हॉर्न फारच वेळ वाजला नाही आणि तिच्या मनात आलं, गेले. सोडून गेले. ती उभी राहिली, दिशा गेलेली, काळोखाच्या आत आणखी एक काळोख बांधलेली. म्हातारा तिच्या कानामागं खाजवत राहिला. मग तो बेसूर, फाटका हॉर्न पुन्हा वाजला, आणि कुलसुमला वाटलं, जगात ह्याच्यापेक्षा गोड बांग कुणी दिली नसेल.

गवत लागलं. सपाट जांभा लागला. माणसांचे आवाज आले.

"आलं! वैनी आली! बाबालाल, अरं चाचा बी हाईत!" हंबीररावचा आवाज रडका झाला होता. घळीतून रिकाम्या हातानं परतलेला बाबालाल धावत आला. त्याची पावलं तिनं ओळखली. तिच्यापासून दोन हातांवर ती पावलं थांबली.

"अम्मीच्या डोळ्याला काय झालंय?" हाफिजानं विचारलं.

बाबालालचा हात गाठीकडं आलेला तिला जाणवला. ती कुजबुजली, ओठ न हलवता, "हात लावू नका."

"कुलसुम, अगं..."

"टोपी काढली की पुन्हा पळायचं असतंय. घरापतोर ऱ्हाऊ दे."

बाबालालचा हात खाली गेला. मग सलिमाच्या बांगड्या वाजल्या, आणि कुलसुमच्या खांद्यांवर गरम शाल पडली. सलिमानं नाक ओढलं आणि बाजूला झाली.

"पावणं, जरा सरा," म्हातारा आपल्या लेकाला म्हणाला. "माझ्या लेकराला आधी बसू दे. दमलंय ते."

जीपमध्ये ती त्यांच्या पायाशी बसली. त्यांनी तिचं डोकं आपल्या गुडघ्यावर घेतलं. हाफिजानं हळूच तिचा हात धरला आणि तिनं तो दाबला, एवढंच. गाडी घाट उतरली. नुसतं इंजन कण्हत होतं. उद्या दिवे लागताना ते पुन्हा चांदणीला शोधतील, हे तिला कळत होतं. परवाही. आणि तिला पुन्हा गुडघ्यांवर बसावं लागेल. साखळी टळली होती. तिच्या जागी कुणाला तरी बांधून घ्यावं लागणार होतं.

वाऱ्यावर गुऱ्हाळाचा गोड वास आला तेव्हा कोल्हापूर जवळ आल्याचं तिला समजलं. त्याच सुमाराला म्हातारा एकाएकी अस्वस्थ झाला. गुडघा हलला. कानामागचं बोट थांबलं.

"पावणं," ते पुढं बसलेल्या बाबालालला म्हणाले, "आमची कुलसुम कुठं दिसली का वो?"

पट्टीच्या आत कुलसुमचे डोळे उघडले.

"आमची सून. गुणाची पोर हाय. मला हुडकाय रानात आलीती. तिथंच राहिली काय ती? कुलसुम! कुलसुम बेटी!"

इतक्या महिन्यांनी. तिच्या घशापर्यंत हाक आली. 'अब्बा, मी हितं हाय, तुमच्या पायाशी.' ती दातांनी धरून ठेवली तिनं. जनावर बोललं असतं तर चांदणी गेली असती, आणि चांदणी गेली असती तर ते चालत्या गाडीतून उठले असते.



"घरी हाय ती, अब्बा," बाबालाल म्हणाला. "चूल पेटवून तुमची वाट बघतीया."

"मग झालं," म्हातारा म्हणाला, आणि त्याचं बोट पुन्हा तिच्या कानामागं हळूहळू फिरायला लागलं.